आईचा नंबर, कार्डाविना

भावाने अमेरिकेहून आईसाठी आयफोन १४ आणला. तिथे विकल्या जाणाऱ्या या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही. ॲपलने २०२२ मध्ये तो काढून टाकला. आई म्हणाली, "अगं, कार्डच नाही तर माझा नंबर राहणार कुठे?" पेन्शनचं खातं, गॅस, आधार सगळं त्या नंबराला जोडलेलं. तिची शंका रास्तच होती.

मोबाइल कंपनीच्या गॅलरीतल्या मुलाने *#०६# दाबायला सांगितलं. फोनच्या आयएमईआय क्रमांकासोबत ३२ आकडी ईआयडी आला. फोनच्या बोर्डावर कायमच्या बसवलेल्या सिमच्या, म्हणजे ई-सिमच्या, चिपचा हा क्रमांक. आईला म्हटलं, जुन्या कार्डातही कामाचं काय होतं? ग्राहकाची ओळख सांगणारा क्रमांक आणि एक गुप्त किल्ली. तीच किल्ली कंपनीकडेही असते. फोन नेटवर्क शोधतो तेव्हा कंपनी एक आकडा पाठवते, सिम किल्ली वापरून त्याचं उत्तर काढतं. किल्ली मात्र सिमबाहेर कधीच पडत नाही. आता हाच ऐवज प्रोफाइल म्हणून इंटरनेटवरून येतो. त्यासाठी स्कॅन करायच्या क्यूआर कोडमध्ये असतो फक्त सर्व्हरचा पत्ता आणि प्रोफाइल ओळखायचा संकेत. प्रोफाइल उतरतं ते त्या एकाच चिपला उघडता येईल असं कुलूपबंद होऊन.

जुन्या फोनची रेंज गेली, थोड्या वेळाने नव्यावर काड्या दिसल्या. आईने लगेच मावशीला फोन लावला.

एसएमएस मात्र सुरू झाले नाहीत. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद राहतात. आई वैतागली, पण मला हा नियम मोलाचा वाटतो. नंबर पळवणारे चोर चिप फोडायला जातच नाहीत. 'ई-सिम करून देतो' म्हणत फोन करतात, लिंक पाठवतात, आपल्याच हातून होकार मिळवतात आणि नंबर त्यांच्या फोनवर जातो. मग बँकेचे ओटीपीही तिकडेच. या नियमामुळे मालकाला सावध व्हायला तेवढा एक दिवस मिळतो.

एक गैरसोय मला खरोखर खुपते. पूर्वी फोन बंद पडला की कार्ड काढून शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये घालता यायचं. आता फोन बंद पडला तर ओळखपत्र घेऊन पुन्हा गॅलरी गाठायची. सत्तरीच्या माणसाला हे सोपं नाही. आईला एवढं पक्कं सांगून ठेवलंय: रेंज अचानक गेली आणि परत आली नाही, तर काकूंच्या फोनवरून आधी कंपनीला कळवायचं, मग बँकेला, पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.