सिमरोलचे ताजे छायाचित्र

उपग्रहाने टिपलेले जमिनीचे अलीकडचे छायाचित्र आणून देणाऱ्या प्रोग्रामला दोनच गोष्टी सांगायच्या असतात: कुठले हवे आणि केव्हापासूनचे हवे. त्याचा कस लावायला सिमरोलचा टापू चांगला. इंदूरहून खांडव्याच्या रस्त्याने निघाले की माळव्याचे पठार जिथे संपत येते, तिथे हे गाव लागते. उत्तरेला सोयाबीन-गव्हाची काळी शेते, दक्षिणेला चोरल नदीकडे उतरणारे जंगल, आणि गावाला लागून 2009 साली स्थापन झालेल्या आयआयटीचा सुमारे 500 एकरांचा परिसर. पीक, जंगल, पाणी आणि नवे बांधकाम असे सगळे काही किलोमीटरांत सापडते.

‘कुठले’ हे अक्षांश-रेखांशांच्या चौकटीने सांगतात. बोलताना आधी अक्षांश येतो. बहुतेक संगणकी सूचींना मात्र आधी रेखांश लागतो. सिमरोल साधारण 22.5 उत्तर, 75.9 पूर्वेला आहे. आकड्यांची अदलाबदल झाली तर चौकट स्वालबार्डच्या दक्षिणेला, बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडते, आणि प्रोग्राम कसलीही तक्रार न करता तिथली चित्रे आणू लागतो. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी चौकट नकाशावर काढून दाखवणे ही सोय नव्हे, गरज आहे.

चित्रांची ददात नाही. अमेरिकेच्या लँडसॅटचा साठा 2008 पासून विनामूल्य खुला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भूनिधी’वर रिसोर्ससॅटची चित्रे मिळतात. रोजच्या कामाला युरोपचे सेंटिनेल-2 सर्वांत सोयीचे: दोन उपग्रहांची जोडी दर 5 दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास या भागावरून जाते. प्रकाशाच्या ज्या पट्ट्यांत तो चित्रे टिपतो, त्यांतल्या मुख्य पट्ट्यांतला एक ठिपका जमिनीवर 10 मीटर लांब-रुंद असतो. या हिशेबाने आयआयटीचा परिसर सुमारे 20,000 ठिपक्यांत मावतो. लँडसॅटच्या 30 मीटरच्या ठिपक्यांत तोच जेमतेम सव्वादोन हजारांत.

खरा प्रश्न ‘ताजे’ कशाला म्हणायचे हा आहे. सर्वांत नवे चित्र आणि सर्वांत नवे उपयोगी चित्र यांत इथे जून ते सप्टेंबर या काळात कित्येक आठवड्यांचे अंतर पडू शकते. सूचीत प्रत्येक चित्रापुढे ढगांची टक्केवारी असते आणि बरेच प्रोग्राम तेवढ्यावरच चाळणी लावतात. ही चाळणी फसवी आहे. तो आकडा सुमारे 110 किलोमीटर लांब-रुंद अशा संपूर्ण तुकड्याचा असतो. 60 टक्के ढगाळ तुकड्यात सिमरोल लख्ख दिसू शकते आणि 5 टक्केवाल्यात नेमके तेवढेच ढग चोरलच्या दरीवर बसलेले असू शकतात. चांगला प्रोग्राम आधी त्या चित्रासोबत येणारा वर्गीकरणाचा थर फक्त आपल्या चौकटीपुरता वाचतो, त्यातले ढग, विरळ ढग आणि ढगांच्या सावल्या मोजतो, आणि मगच चित्र घ्यायचे की सोडायचे ते ठरवतो. सावली विसरून चालत नाही. काळ्या मातीवर पडलेली सावली पाण्यासारखी दिसते.

निवड झाली की आणायचे तेवढेच. एका तुकड्यातला एकेक 10 मीटरचा पट्टा 10,980 गुणिले 10,980 ठिपक्यांचा असतो. पाच किलोमीटरची चौरस चौकट म्हणजे त्याचा सुमारे 480वा भाग. फाइल भागाभागांनी वाचता येईल अशी रचलेली असेल, तर प्रोग्राम इंटरनेटवरून तेवढेच भाग मागवतो. हे शक्य असताना अख्खी फाइल उतरवणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

आणलेल्या ठिपक्यांची मूल्येही एकमेकांशी जशीच्या तशी जोडता येत नाहीत. 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2च्या प्रक्रियेत प्रत्येक मूल्यात 1,000 मिळवले जाऊ लागले. ते वजा न करता आधीच्या आणि नंतरच्या चित्रांतून हिरवाईचा निर्देशांक काढला, तर त्या तारखेला गव्हाची शेते एकाएकी फिकी पडल्यासारखी दिसतात. शेतात काहीच झालेले नसते. काही साठे ही वजाबाकी आधीच करून ठेवतात, त्यामुळे ती दुसऱ्यांदा होऊ नये हेही तपासावे लागते.

पावसाळ्यात ढग हटत नाहीत तेव्हा सेंटिनेल-1चे रडार कामी येते, कारण त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. शांत पाणी त्या लहरी उपग्रहापासून दूर परावर्तित करते आणि चित्रात काळे दिसते. चोरल धरणाचा फुगवटा त्यामुळे भर पावसाळ्यातही मोजता येतो. पिकाचा रंग मात्र रडारला दिसत नाही. म्हणून ढगाळ छायाचित्राच्या जागी रडारचे चित्र गुपचूप ठेवणे गैर. ते रडारचे आहे हे चित्रावरच लिहिलेले हवे.

साठवताना फाइलच्या नावात उपग्रह, चित्र टिपल्याची तारीख आणि जागतिक प्रमाणवेळ असावी. उतरवल्याची तारीख तिथे लिहू नये. सेंटिनेल उपग्रह ज्या युरोपीय कार्यक्रमाचे आहेत, त्या कोपर्निकसची चित्रे सुधारून प्रसिद्ध केली, तर त्या विदेचे श्रेय वर्षासह देण्याची अट आहे. ती ओळ प्रोग्रामनेच चित्रासोबत जोडून द्यावी.