पंतोजींच्या ओटीवर

चिपळुणात आषाढाचा पाऊस एकदा लागला की वाशिष्ठी गढूळ होते, परशुरामचा घाट ढगात बुडतो आणि भर दुपारी घरात दिवा लावावा लागतो. घरात आपली माणसं असली की हा अंधार उबदार वाटतो. पण ज्याचं इथे कुणीच नाही, त्याने तो कसा काढला असेल? या दिवसांत मला हटकून दोनशे वर्षांपूर्वी आमच्या कोकणपट्टीत येऊन राहिलेले स्कॉटिश मिशनरी आठवतात.

डोनाल्ड मिचेल 1823 मध्ये बाणकोटला आला आणि त्याच वर्षी वारला. तरी मागून जेम्स मिचेल, जॉन कूपर, जॉन स्टीव्हन्सन आले. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची ठाणी झाली. 1827 मध्ये रॉबर्ट नेस्बिट आला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती. सुएझचा कालवा व्हायचा होता; आफ्रिकेला वळसा घालून जहाज यायला चार-पाच महिने लागत. ‘सुखरूप पोचलो’ एवढं घरी कळवून उत्तर हाती पडेपर्यंत वर्षाचा पाऊसकाळ येऊन जाई. आगोट लागली, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राची वाटही बंद.

मिशनरी म्हटलं की चौकात उभा राहून उपदेश करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तसं ते करतही. गावोगाव काढलेल्या शाळा तपासत, बाजारात, चावडीपाशी बोलत. पण त्याआधी रोजचे कितीतरी तास जात ते मराठी शिकण्यात. मोल्सवर्थचा कोश यायला 1831 उजाडायचं होतं. छापील पुस्तकं बाळबोधीत आणि कुळकर्ण्याचं दप्तर मोडीत, म्हणजे लिप्याही दोन. शिवाय ओटीवरच्या भटजींची मराठी वेगळी, शेतातल्या कुणब्याची वेगळी, बंदरावरच्या कोळ्याची आणखी वेगळी. ‘चांगला’ आणि ‘चंद्र’ यांतला च कागदावर एकच, तोंडात मात्र दोन. आणि ‘चिपळूण’ म्हणायचं तर एकाच नावात ळ आणि ण! साहेबाच्या जिभेची केवढी परीक्षा.

ही परीक्षा घ्यायला समोर कुणी शास्त्री, कुणी पंतोजी बसलेला असे. त्याचं नाव बहुधा कुठे नोंदलेलं नाही. मला त्याच्याबद्दलच अधिक कुतूहल वाटतं. हा पोरगा आपली भाषा कशासाठी शिकतोय, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. उद्या याच भाषेत तो आपल्या देवांना खोटं म्हणणार होता. पगाराची गरज असेल, मान्य. तरीही चुकलेला उच्चार पुन्हा पुन्हा सुधारून घ्यायला पगाराहून काही अधिक लागतं. विद्या मागायला आलेल्याला ती नीट द्यायची, हा त्याचा धर्म असावा.

1829 मध्ये जॉन विल्सन आणि त्याची पत्नी मार्गारेट मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला याच किनाऱ्यावर येऊन राहिले. मार्गारेटने पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये तिथेच देह ठेवला. विल्सनने 1832 मध्ये सुरू केलेल्या शाळेतून विल्सन कॉलेज उभं राहिलं. स्टीव्हन्सनने मराठीचं व्याकरण लिहिलं. नेस्बिटची तर ख्याती अशी, की आडून ऐकणाऱ्याला बोलणारा परका आहे हे कळू नये. 1855 मध्ये तो मुंबईतच पटकीने गेला.

कोकणाने त्यांचा धर्म फारसा घेतला नाही. आपल्या देवांविषयी ते जे बोलले ते मलाही पटत नाही. परशुरामाच्या पायऱ्या चढताना माझे हात आपसूक जुळतात. पण परमुलखात येऊन, कर्त्या वयात पाटी-पेन्सिल घेऊन पुन्हा पहिलीत बसण्याची त्यांची तयारी मला फार मोठी वाटते. ज्यांना काही सांगायचं, त्यांच्या बोलीत आधी आपण ऐकायला शिकायचं, ही त्यांची रीत कुठल्याही सेवेची पहिली पायरी आहे.

आज आमच्या आंब्याच्या बागा नेपाळी गडी राखतात. बांधकामांवर, लोट्याच्या कारखान्यांत दूरदूरच्या मुलखांतली पोरं राबतात. पावसाळी संध्याकाळी त्यांनाही घर आठवत असेल. त्यांच्याशी आपण घाईघाईने मोडकी हिंदी बोलतो आणि सुटतो. त्यांतला एखादा अडखळत मराठी बोलू लागला, तर दोन मिनिटं थांबावं, हसू नये, त्याचं वाक्य हळूच सरळ करून द्यावं. परक्याला आपलं गाव असंच थोडंथोडं आपलं वाटू लागतं, आणि हे काम गावातल्या माणसांनीच करायचं असतं.