मूक साक्षीदार

वर्तमानपत्रांतील अग्रलेख दुसऱ्या दिवशीं विसरला जातो. परंतु त्याच अंकांतील एखादें व्यंगचित्र वर्षानुवर्षें मनांत घर करून राहतें. असें कां व्हावें, याचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस आर. के. लक्ष्मण यांचें चरित्र आठवतें.

लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ रोजीं म्हैसूर येथें झाला. वडील मुख्याध्यापक, कादंबरीकार म्हणून पुढें नांवाजलेले आर. के. नारायण हे ज्येष्ठ बंधु. धाकट्या लक्ष्मणास चित्रांचा नाद. घरांतील जमीन, भिंती, दारें, कांहींही त्याच्या खडूंतून सुटत नसे. एकदां वर्गांत गुरुजींनीं झाडाचें पान काढावयास सांगितलें. लक्ष्मणानें काढलेलें पिंपळाचें पान पाहून ते प्रसन्न झाले, आणि तूं पुढें चित्रकार होशील असें म्हणाले. तो एक शब्द त्या मुलास जन्मभर पुरला.

शिक्षणासाठीं त्यांनीं मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे अर्ज केला. तेथें प्रवेश नाकारण्यांत आला. दुसरा एखादा कुंचला टाकून बसला असता. लक्ष्मण यांनीं म्हैसुरांतच पदवीचें शिक्षण घेतलें, आणि बंधूंच्या कथांसाठीं चित्रें काढलीं. पुढें ज्या मुंबईनें त्यांस परत पाठविलें होतें, तेथेंच ते ‘फ्री प्रेस जर्नल’मध्यें नोकरीस लागले व १९४७ सालीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्यें आले.

तेथें ‘यू सेड इट’ या नांवाचें त्यांचें छोटें चित्र १९५१ पासून येऊं लागलें. भारतीय जनता दाखवावयाची तर प्रांतोप्रांतींचीं अनेक माणसें काढावीं लागत, आणि वेळ तर थोडा! ती गर्दी कमी करतां करतां शेवटीं एकच माणूस उरला: टक्कल, चष्मा, झुबकेदार मिशा, चौकड्यांचा कोट आणि धोतर. हाच तो ‘कॉमन मॅन’. आमच्या आजीस इंग्रजीचें अक्षरही येत नव्हतें, परंतु त्या चेहऱ्याकडे पाहून ती विचारी, “आज हा बिचारा कोठें सांपडला?”

हा मनुष्य कधींच बोलत नाहीं. मंत्री आश्वासनें देतात, अधिकारी फायली हलवितात, आणि हा एका बाजूस उभा राहून सर्व पाहतो. त्याला भाषण दिलें असतें तर तो एखाद्या पक्षाचा झाला असता. मुका राहिला म्हणून तो सर्वांचा झाला, असें आम्हांस वाटतें. त्या थट्टेंत विषही नव्हतें. १९६२ च्या चीन-युद्धानंतर पंडित नेहरूंवर काढलेलें एक व्यंगचित्र खुद्द नेहरूंनींच मोठें करून, सहीनिशीं मागविलें, अशी हकीकत लक्ष्मण सांगत.

१९८४ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें, २००५ सालीं पद्मविभूषण. २६ जानेवारी २०१५ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. पुण्यांत व मुंबईस वरळीच्या समुद्रकिनारीं त्यांच्या ‘कॉमन मॅन’चा पुतळा आजही उभा आहे.

इतका मान मिळूनही लक्ष्मण आवडीनें काढीत राहिले तो कावळाच! ज्याला आपण हुसकावून लावतों, त्याची चाल, मान आणि ऐट ते कौतुकानें न्याहाळीत. परीक्षेंत नापास झालेल्या मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं पिंपळाचें तें पान आणि प्रवेश नाकारणारें तें पत्र, दोन्ही ध्यानांत ठेवावीं. आणि विद्यार्थिमित्रांनो, उद्यां शाळेस येतांना वाटेंतील कावळ्याकडे क्षणभर नीट पाहावें, एवढीच आमची विनंती.