फुंकरीचं रॉकेट



२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. यंदा त्या दिवशी आमच्या चौथीच्या वर्गाने कागदाची रॉकेटं केली. ती कशी केली आणि खरं रॉकेट कसं उडतं, ते मी लिहीत आहे.

आधी बाईंनी फुगा फुगवला आणि तोंड न बांधताच सोडला. फुगा फुर्र करत वर्गभर फिरला. बाईंनी विचारलं, "हवा कुठं गेली?" आम्ही म्हणालो, "मागं." "आणि फुगा?" "पुढं!" बाई म्हणाल्या, "झालं, हेच रॉकेट." विहिरीत पोहताना भिंतीला पायाने रेटा दिला की आपण पुढे जातो, तसंच हे आहे. हा नियम न्यूटन या शास्त्रज्ञाने १६८७ साली पुस्तकात मांडला.

मग आम्ही वहीच्या पानाची पट्टी पेन्सिलीवर गुंडाळून नळी केली. नळीचं एक तोंड दुमडून चिकटवलं. दुसऱ्या बाजूने नळी स्ट्रॉवर बसवायची आणि जोरात फुंकायचं. नळी सैल पाहिजे, पण फार सैल नको.

स्ट्रॉ कमी होत्या. आमच्या माढा तालुक्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यातली बीड जिल्ह्यातली एक मुलगी आमच्या वर्गात आहे. धाकट्या भावाला सांभाळायचं असलं की ती शाळेत येत नाही, म्हणून तिला कुणी गटात घेत नाही. तिला स्ट्रॉ मिळाली नाही. ती काही बोलली नाही. शाळेमागे पपईचं झाड आहे, तिथून पडलेलं पान घेऊन आली. पपईचा देठ आतून पोकळ असतो. तिने देठावरच कागद गुंडाळला. तिचं रॉकेट आमच्यापेक्षा जाड झालं. काही मुलं हसली.

बाईंनी पहिल्यांदा पंख न लावता उडवायला सांगितलं. सगळी रॉकेटं कोलांट्या खात पडली. मग खाली तीन-तीन पंख चिकटवले, तेव्हा ती सरळ गेली. शेपूट वाकडी व्हायला लागली की हवा पंखांना ढकलून तिला परत मागे आणते. बाणाला पिसं लावतात, ती याच्यासाठीच.

आमची रॉकेटं दहा-बारा फूट गेली. तिचं एकोणीस फूट गेलं. बाईंनी टेपने मोजलं आणि तिलाच पुढे बोलावून कारण विचारलं. ती म्हणाली, "देठ जाड हाय, मग जास्त वारं जातंय." बाई म्हणाल्या, "बरोबर." मग कुणी हसलं नाही.

मी बाईंना विचारलं, "खऱ्या रॉकेटला फुंकर कोण मारतं?" बाई म्हणाल्या, "कुणी नाही. ते आपली फुंकर आपल्याबरोबर नेतं." रॉकेटमध्ये इंधन असतं आणि ते जळायला लागणारा प्राणवायूही त्यातच असतो. जळून झालेला गरम वायू मागे जोरात सुटतो आणि रॉकेट पुढे जातं. म्हणून जिथे हवा नाही तिथेही रॉकेट चालतं.

भारतातून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळमधल्या थुंबा गावातून उडालं. तेव्हा रॉकेटचे भाग सायकलवरूनसुद्धा नेत होते. पुढे डॉ. वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञांनी तिथे रॉकेटच्या घन इंधनावर काम केलं. आपलं एसएलव्ही-३ रॉकेट १९७९ साली समुद्रात पडलं. पण १८ जुलै १९८० ला त्यानेच रोहिणी उपग्रह वर नेला. रॉकेट १७ टनांचं आणि उपग्रह ३५ किलोचा, म्हणजे सातवीतल्या मुलाएवढा! बाकी बहुतेक वजन फुंकरीचंच. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेही रॉकेटनेच गेलं होतं.

पालकांनी व्हरांड्यातली खडूची लांब रेघ जरूर बघावी. ती तिच्या रॉकेटची आहे. अजून कुणी ती ओलांडली नाही.

आता कारखान्याचा पट्टा पडला की ती गावी जाणार. मी तिला विचारलं, "तुमच्या शाळेत पपई आहे का?" ती म्हणाली, "न्हाई. पण एरंड हाय. त्याचा देठ पण पोकळ असतोय."