राणीबागेतले छोटे वाटाडे

राणीबाग म्हटली की मुंबईतल्या आपल्या घरांना आधी ईद आठवते. ईदच्या दुसऱ्या दिवशी भायखळा, नागपाडा, मदनपुरा इथली कुटुंबेच्या कुटुंबे नवे कपडे घालून, मुलांचे बोट धरून तिकडे निघतात. कुर्ला, मुंब्र्याहूनही लोक येतात. संध्याकाळी थकून घरी परतल्यावर मुलांना विचारा, काय पाहिले? वाघ पाहिला, पेंग्विन पाहिले, पाणघोडा पाहिला. आणि झाडे? ‘झाडाखाली तर बसलो होतो ना!’ एवढेच उत्तर मिळते.

खरे तर या बागेत झाडे आधी आली, प्राणी नंतर. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिचे नाव होते व्हिक्टोरिया गार्डन. मुंबईकरांनी त्याची राणीची बाग केली. प्राण्यांसाठी १५ एकर जागा वाढवून मिळाली ती १८९० मध्ये, म्हणजे तब्बल २८ वर्षांनी. देशोदेशीची रोपे आणून ती मुंबईच्या हवेत रुजवून पाहणे हा बागेचा मूळ हेतू. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. तिथे सुमारे तीन हजार झाडे आहेत आणि त्यांत २८० हून अधिक जाती आहेत. माणसांनी, सिमेंटने आणि गाड्यांनी भरलेल्या भायखळ्यात एवढी हिरवळ टिकून आहे, हेच नवल.

ही झाडे दाखवायला आता मुले पुढे येत आहेत. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मुलांनीच चालवलेल्या अशा एका निसर्गफेरीत मी सामील झाले. वाटाडे होते दहा ते चौदा वर्षांचे. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन झाडे. मोठी माणसे सोबत होती, पण मागे, गप्प. सुरुवातीलाच एका मुलीने नियम सांगितले, ‘पान-फूल तोडायचे नाही. खाली पडलेले उचलायचे, बघायचे आणि परत तिथेच ठेवायचे.’

पहिला मुक्काम गोरख चिंचेपाशी. खोड इतके जाड, की पाच-सहा मुलांनी हात धरून कडे केले तेव्हा कुठे त्याला मिठी पडली. झाडावर पान नव्हते. एका आजींनी विचारले, ‘बेटा, ये सूख गया क्या?’ वाटाड्या मुलगा हसला. म्हणाला, ‘नही दादी, सोया है.’ मग त्याने समजावले. हे झाड मूळचे आफ्रिकेचे. तिकडे महिनोन्महिने पाऊस नसतो, म्हणून ते खोडात पाणी साठवते आणि कोरड्या दिवसांत पाने गाळून टाकते. त्याची मोठी पांढरी फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांचे परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात. वटवाघळाचे नाव निघताच बायकांनी ओढण्या सावरल्या. मुलाने वर बोट दाखवले. पलीकडच्या उंच झाडावर काळ्या पिशव्या टांगाव्यात तशी ती लटकली होती. ‘ती झोपलीत. आपण त्रास दिला नाही, तर तीही देत नाहीत. फळे खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात. फुकटचे माळी आहेत ते.’

पुढे कैलासपती. त्याची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटतात. फुलाला मंद सुगंध, पण तोफेच्या गोळ्याएवढे फळ फुटले की नाक धरावे लागते. हा दक्षिण अमेरिकेचा पाहुणा. मग म्यानमारहून आलेली उर्वशी. तिची लाल फुले झुंबरासारखी खाली लोंबतात. आपल्याकडे हे झाड फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

सगळ्यात जास्त गंमत आली अशोकापाशी. ‘अशोक कोणी कोणी पाहिलाय?’ सगळ्यांचे हात वर. सोसायटीच्या कुंपणालगत उभा असतो तो उंच, सरळ, टोकदार. मुलगी म्हणाली, ‘तो अशोक नाहीच! तो आसुपालव.’ खरा अशोक, म्हणजे सीता अशोक, समोर उभा होता. पसरलेला, गर्द सावलीचा. खोडावर, फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे गुच्छ. औषधासाठी त्याची साल इतकी ओरबाडली गेली, की रानात हे झाड कमी कमी होत चालले आहे आणि जगभरच्या संकटातल्या झाडांच्या यादीत त्याचे नाव आहे. आपण आयुष्यभर ज्याचे नाव घेतो, त्याला ओळखतही नाही. ओळखच नसेल, तर ते गेल्याचे दुःख तरी कुणाला होणार?

हा नुसता विचार नाही. २००७ साली राणीबागेतले प्राणिसंग्रहालय आंतरराष्ट्रीय दर्जाचे करण्याची मोठी योजना पुढे आली. त्यात जुन्या झाडांचे काय होईल, या काळजीने काही नागरिक एकत्र आले. एकेक झाड ओळखून, लोकांना बागेत फिरवून त्यांनी दाखवून दिले की हे नुसते पिंजऱ्यांच्या मधले रान नाही, तो जिवंत वारसा आहे. ती योजना मूळ रूपात पुढे गेली नाही. झाडांची नावे सांगू शकणारी माणसे होती, म्हणून झाडांच्या बाजूने बोलणारे कोणी होते. पुढच्या वेळी कोण बोलेल? त्याचे उत्तर ही मुले आहेत.

त्याची चुणूक तिथेच दिसली. एक तरुण किल्लीने एका खोडावर नाव कोरत होता. आमच्यातला बारा वर्षांचा मुलगा त्याच्याजवळ गेला. ओरडला नाही. म्हणाला, ‘भाईजान, इस छाल के नीचे से इसका खाना जाता है. पूरा गोल कट गया ना, तो पेड मर जाता है.’ तरुणाने खोडाकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि किल्ली खिशात टाकली. मग विचारले, ‘कौन सा पेड है ये?’ रखवालदाराने शिट्टी वाजवली असती, तर त्याने हा प्रश्न विचारला असता असे मला वाटत नाही.

मुलाने दाखवलेली गोष्ट मोठी माणसे सहज मान्य करतात. आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी मुलाला आधी स्वतः पाहावे लागते. दर महिन्याला त्याच झाडापाशी जावे लागते. पाने कधी गळली, पालवी कधी फुटली, तांबट पक्ष्याने कुठे ढोली केली, हे वहीत टिपावे लागते. त्यातून ते झाड त्याचे होते. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, खिडकीत कुंडी ठेवायला जागा नाही, अशा घरातल्या मुलाला ‘हे माझे झाड’ म्हणता येणे ही लहान गोष्ट नाही.

राणीबाग बुधवारी बंद असते. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर जावे, तेव्हा गर्दी कमी आणि पक्षी जास्त असतात. पण त्यासाठी मुंबईलाच यायला हवे असेही नाही. पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, औरंगाबादेत मोगल काळापासूनची हिमायत बाग आहे, आणि काहीच नसेल तर शाळेच्या फाटकापाशी एखादा कडुनिंब असतोच. मुलाला एक झाड निवडू द्या. वर्षभर त्याची वही ठेवू द्या. मग घरातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन तिथे जा आणि बोलायचे काम त्याच्यावर सोपवा. आपण फक्त मागे उभे राहून ऐकायचे.