पुसट छायाचित्राची किंमत

आमच्या खडोलीच्या घरी ओटीवर एक जुने छायाचित्र टांगलेले आहे. १९५४ च्या मुक्तीनंतर लवकरच काढलेले. आजोबा, त्यांचे बंधू आणि मागे बैलजोडी. काचेच्या आत ओल शिरल्याने ते पुसट झाले आहे, आणि पाहुणा आला की आम्ही त्या पुसटपणाबद्दल उगाच दिलगिरी व्यक्त करतो. पुसट असणे हा छायाचित्राचा दोषच, असे आम्ही सत्तरी ओलांडेपर्यंत समजत होतो. त्या समजुतीला तडा गेला तो आमच्याच डोळ्यामुळे.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात उजव्या डोळ्यापुढे काजळीचे कण तरंगू लागले. पुढे तर दमणगंगेवरचे पहाटेचे धुके दुपार झाली तरी विरेना. मोतीबिंदू असावा, असा निर्णय आम्हीच देऊन टाकला. जवळपास ज्यांना दाखवले त्यांनीही डोळ्यात घालायचे थेंब लिहून दिले, आणि त्यात दोन महिने गेले. एके रात्री सौभाग्यवतींनी डावा डोळा झाकायला लावून पंचांग पुढे धरले. आम्हांला तिथी वाचता येईना. "अहो, आता पुरे झाले. उद्या वापीहून मुंबईची गाडी धरायची," एवढेच त्या म्हणाल्या.

मुंबईच्या नेत्ररुग्णालयात बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून आम्हांला एका कॅमेऱ्यापुढे हनुवटी टेकवायला सांगितले. लख्ख प्रकाश चमकला आणि पडद्यावर दोन नारिंगी वर्तुळे उमटली. डाव्या डोळ्याच्या चित्रात दृष्टिचेतेची फिकट चकती आणि तिच्यापासून फुटलेल्या रक्तवाहिन्या इतक्या रेखीव, की जणू नदी व तिच्या ओहोळांचा नकाशाच. उजव्या डोळ्याचे चित्र मात्र दुधी काचेआडून पाहावे तसे. आम्ही सवयीने म्हणालो, "हे बिघडले वाटते, पुन्हा काढा."

"नाही काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चित्र चांगलं आलंय. धुकं तुमच्या डोळ्यात आहे, आणि आम्हाला तेच मोजायचं आहे."

आमचे दुखणे युव्हिआयटिसचे, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराच्या दाहाचे होते. काळ्या द्राक्षाच्या सालीसारख्या दिसणाऱ्या या थराला नाव पडले तेही द्राक्षाच्या लॅटिन शब्दावरून. दाह मागच्या भागात असला की पेशी आणि प्रथिने डोळ्यातील काचाभ द्रवात झिरपतात व तो गढूळ होतो. त्या गढूळातून आतली चकती आणि रक्तवाहिन्या किती दिसतात, यावरून दाहाची पायरी ठरते. चकती आणि रक्तवाहिन्या थोड्या पुसट असतील तर पहिली. चकती मुळीच दिसेनाशी झाली तर चौथी. अमेरिकेतील नुसेनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये नमुन्याची छायाचित्रे समोर ठेवून हे मोजमाप बांधले, आणि २००५ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ते थोड्या फरकाने स्वीकारले. आमची पायरी तिसरी निघाली. मोतीबिंदूने, लहान बाहुलीने किंवा कॅमेरा नीट न जुळल्यानेही चित्र पुसट येते; म्हणून डॉक्टर ते एकट्या चित्रावर सोडत नाहीत, स्वतः डोळा तपासून पडताळतात.

हेल्महोल्ट्झने जिवंत डोळ्याच्या आत डोकावण्याचे साधन १८५० मध्ये घडवले. परंतु पाहणाऱ्याने जे पाहिले ते त्याच्या स्मरणात किंवा हाताने काढलेल्या चित्रातच राही. १८८६ मध्ये इंग्लंडात जॅकमन आणि वेब्स्टर यांनी माणसाच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्या माणसाला सुमारे अडीच मिनिटे डोळा स्थिर ठेवावा लागला होता. आमचे काम एका चमकेत झाले.

क्षय, सिफिलिस, टोक्सोप्लाझ्मा, सारकॉइड अशा सगळ्या तपासण्या झाल्या. जंतूचा संसर्ग असताना नुसते स्टेरॉइड देणे घातक ठरू शकते, म्हणून ही खबरदारी. पुष्कळ रुग्णांप्रमाणे आमच्याही दुखण्याचे कारण सापडले नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात धुके विरळले.

येथे आमच्या हातून जे घडले ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगायला हवे. चेहरा सुजला, साखर वाढली, झोप उडाली. दिसतही बरे होते. आम्ही कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. सौभाग्यवतींनाही सांगितले नाही. पुढच्या भेटीत "सगळे स्वच्छ दिसते" असे ठासून सांगितले. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा आजारी डोळ्याची उणीव झाकून टाकतो, हे आम्हांला कुठे ठाऊक होते!

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. तीन चित्रे शेजारी शेजारी मांडली. पहिल्यात चकतीचा नुसता आभास, दुसऱ्यात तिची कड रेखीव, आणि आजच्यात ती कड पुन्हा धुक्यात बुडालेली. "काका, गोळ्या थांबवल्यात का?" सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. स्टेरॉइड एकाएकी सोडणे जिवावरही बेतू शकते, हे त्या दिवशी कळले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या; पुढे दुसरे औषध जोडून त्या हळूहळू कमी करण्यात आल्या.

आज उजव्या डोळ्याचे चित्र निर्मळ येते, तथापि बारीक अक्षर त्याला लागत नाही. पडद्याच्या मध्यभागी आलेली सूज फार दिवस राहिली. ते दोन महिने आम्हांला परत मिळायचे नाहीत. निर्मळ चित्र म्हणजे निर्मळ दृष्टी नव्हे, हेही आम्ही शिकलो.

डोळ्यांची सारी चित्रे आम्ही तारीखवार एका फाइलीत ठेवली आहेत, जमिनीच्या उताऱ्यांशेजारीच. नव्या डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर नेतो, कारण एकट्या चित्रापेक्षा आधीच्या चित्राशेजारी ठेवलेले चित्र अधिक सांगते. आणि आमच्या वयाच्या वाचकांना एकच विनंती: आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून पंचांग वाचून पाहावे. तिथी दिसली नाही तर गाडी धरायला उशीर करू नये.