भाकरी घेऊन डोंगर चढणारी

सोमाटण्यात घराबाहेर पडलं की घोराडेश्वराचा डोंगर दिसतो. जुना पुणे-मुंबई रस्ता, टोलनाका, फाट्यावर थांबलेले ट्रक, गुरुवारी शिरगावच्या साईमंदिराकडे वळणाऱ्या गाड्या, या सगळ्या गडबडीच्या मागे तो उभा असतो. तुकोबा एकांतासाठी ज्या डोंगरांवर जात असं परंपरा सांगते, त्या भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर या तिघांपैकी हा आमच्या वाट्याला आलेला. लहानपणापासून माझ्या मनात त्यामुळे एक वाटणी पक्की बसली होती. ज्याला मोक्ष हवा त्यानं डोंगर चढावा आणि ज्याला सेवा करायची त्यानं खाली रस्त्यावर थांबावं.

रस्त्यावरची सेवा कार्तिकात दिसते. आळंदीला माउलींच्या समाधी सोहळ्यासाठी रायगडातून, कोकणातून निघालेल्या दिंड्या बोरघाट चढून याच रस्त्यानं मावळातून पुढे सरकतात. पायाला फोड आलेली माणसं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मागे सामानाचा टेम्पो. वाटेवरच्या गावांत कुणी चहा देतं, कुणी पिठलं-भाकरी, कुणी नुसतं कोमट पाणी आणि पाय टेकायला ओटा. हा रस्ता वारकऱ्यांना सोपा नाही. २०२१ च्या कार्तिकीत साते गावाजवळ एक भरधाव पिकअप दिंडीत घुसली, माणसं गेली, कित्येक जखमी झाली. तरी पुढच्या वर्षी दिंड्या आल्या आणि भाकऱ्याही थापल्या गेल्या. या थापणाऱ्या बायांपैकी मोक्षाविषयी बोलताना मी कुणालाही ऐकलेलं नाही. पीठ किती लागेल, मिरच्या कोण आणणार, शेवटची दिंडी उशिरा आली तर कोण जागणार, एवढंच बोलणं चालतं.

मग ही माणसं मोक्षाच्या वाटेवर नाहीत का? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. आपल्याकडे मुक्तीची जी चित्रं रंगवली गेली त्यांत बहुतेक वेळा माणूस एकटा असतो. गुहा, मिटलेले डोळे, संसाराकडे फिरवलेली पाठ. त्यात शेजारच्या अंथरुणावर कण्हणाऱ्या माणसाला जागा कुठे? त्यात कर्मसिद्धांताचा सोयीचा अर्थ लावणारेही भेटतात. ज्याचं त्याचं प्रारब्ध, आपण मध्ये कशाला पडायचं, असं म्हणून ते हात झटकतात. दुसऱ्याचं दुःख हे त्याचं प्रारब्ध असेल, तर ते आपल्या डोळ्यांसमोर येणं हे आपलंही प्रारब्ध आहे. त्या क्षणी आपण काय करतो ते नवं कर्म. सिद्धांत एवढा पुढपर्यंत नेला तर तो हात झटकायला उपयोगी पडत नाही.

भागवतानं हा प्रश्न आडवळणानं नाही, सरळ अंगावर घेतला आहे. सातव्या स्कंधात प्रल्हाद नरसिंहापुढे उभा राहून तक्रारच करतो. मुनी बहुधा स्वतःच्या मुक्तीसाठी रानात मौन धरून बसतात, दुसऱ्यांचं त्यांना पडलेलं नसतं. या दीनांना मागे टाकून मला एकट्याला सुटायचं नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय. देवापुढे उभं राहून ऋषींविषयी असं बोलणारं हे पोर मला फार मोठं वाटतं.

आणि नवव्या स्कंधात रंतिदेव येतो. हा राजा अठ्ठेचाळीस दिवस अन्नपाण्यावाचून आहे, कुटुंबही सोबत उपाशी. एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी थोडं अन्न आणि पाणी समोर येतं. जेवायला बसणार तेवढ्यात एक ब्राह्मण अतिथी दारात येतो. त्याला वाटा दिला जातो. उरलेलं वाटून घेणार तोच एक शूद्र येतो, त्यालाही दिलं जातं. मग कुत्र्यांचा लवाजमा घेऊन एक जण येतो, तोही भुकेला, त्याची कुत्रीही भुकेली. उरलंसुरलं अन्न त्या सगळ्यांना देऊन राजा त्यांना नमस्कार करतो. आता फक्त पाणी उरलं आहे, तेही एकालाच पुरेल इतकं. ते ओठाला लावणार तेव्हा पुल्कस, म्हणजे गावानं बाहेर ठेवलेल्या जातीतला एक माणूस, पाणी मागतो. रंतिदेव ते देऊन टाकतो आणि देताना जे बोलतो त्यात सिद्धी नकोत, मोक्षही नको, सगळ्या जिवांच्या आत राहून त्यांचं दुःख मला भोगू दे म्हणजे ते दुःखातून सुटतील, असं मागणं आहे. ते पाणी देण्यातच आपली तहान, शीण, खिन्नता सगळं गेलं, असंही तो म्हणतो. कथेत पुढे देव प्रकट होतात, हे अतिथी म्हणजे त्यांचीच रूपं होती असं कळतं. मला ती कथा पुल्कसाच्या ओंजळीपाशीच थांबलेली आवडते. देव होते हे नंतर कळलं. देताना समोर तहानलेला माणूस होता.

पण ज्या भूमीनं ही कथा डोक्यावर घेतली, तिनंच त्या पुल्कसाला शतकानुशतकं पाणवठ्यापासून दूर ठेवलं. करुणेवर लिहिताना हे वगळलं तर लिहिण्यात अर्थ नाही. चोखोबा वारीत होते आणि मंदिराबाहेर होते. आमच्यापासून थोड्याच अंतरावर देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पुढे दोन वर्षांनी त्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. करुणेला त्यांनी प्रज्ञेच्या जोडीनं बसवलं, कारण नुसत्या कळवळ्यानं माणसाचा अपमान थांबत नाही. दिवाळीला फराळ पोचवायचा आणि वर्षभर वेगळा पेला ठेवायचा, ही दया आपल्या घरांत काल-परवापर्यंत होती. दया करणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड न मोडता केलेली सेवा कुणालाच मुक्त करत नाही, देणाऱ्याला तर नाहीच.

घोराडेश्वरावर आज महादेव आहे, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तिथे रीघ लागते. लेणी मात्र मुळात बौद्ध भिक्खूंची. शेलारवाडीची लेणी म्हणून अभ्यासक त्यांना ओळखतात. तिथल्या ब्राह्मी लेखात एका दानाची नोंद आहे. धेनुकाकटाला राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगऱ्या शेतकऱ्याची बायको सियगुतनिका हिनं, आपल्या नंद नावाच्या मुलासह, हे लेणं दिलं. कार्ल्याच्या लेण्यातही धेनुकाकटाच्या दात्यांची नावं आहेत, त्यात यवनही आहेत. पण मला ओढ या बाईची. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईनं पै-पै कशी साठवली असेल, पावसाळ्यात भिक्खूंना कोरडी जागा मिळावी हे तिला कधी सुचलं असेल, लेख सांगत नाही. सेवा करावी आणि नाव विसरावं असं मी एरवी मानते. मंदिराच्या पायरीपायरीवर कोरलेली देणगीदारांची नावं पाहून माझा जीव उबगतो. सियगुतनिकेचं नाव मात्र दगडात राहिलं याचा मला मनापासून आनंद आहे. नांगर हाकणाऱ्याच्या बायकोचं नाव दुसरं कोण लिहून ठेवणार होतं?

याच डोंगररांगांत, तिच्यानंतर कितीतरी शतकांनी, देहूचा एक वाणी येऊन बसत असे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळानं त्याची पहिली बायको रखमाई आणि मुलगा संतू नेले. घरात सावकारी होती, महाजनकी होती. महिपतींनी भक्तलीलामृतात सांगितलेली आणि देहूत अजून घरोघर सांगितली जाणारी हकीकत अशी, की तुकोबांनी लोकांकडून येणं असलेली सगळी खतं काढली, धाकटा भाऊ कान्होबा याच्याशी त्यांची निम्मी-निम्मी वाटणी केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. लोक या गोष्टीत बुडवलेल्या कागदांकडे पाहतात. मी कान्होबाला दिलेल्या निम्म्याकडेही पाहते. आपल्या वैराग्याची किंमत भावाकडून वसूल करायची नाही, त्याच्या लेकराबाळांच्या तोंडचं आपण दान करायचं नाही, एवढी जाण त्या ऐन उमाळ्याच्या क्षणी तुकोबांना होती. करुणेच्या भरात दुसऱ्याच्या खिशात हात घालणारे खूप असतात.

खतं पाण्यात गेली तेव्हा कोण सुटलं? कुळं सुटली, हे उघड आहे. दुष्काळानं खंगलेल्या शेतकऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरलं. पण सुटले तुकोबाही. ज्याच्याकडे दहा घरांचं येणं लिहिलेलं आहे, तो त्या दहा घरांना बांधलेला असतो. त्या घरांतल्या सुगीचा, आजाराचा, लग्नाचा त्याला हिशेब ठेवावा लागतो. मला वाटतं, करुणा आणि मुक्ती यांचा सांधा नेमका इथे आहे. दुसऱ्यावरचा आपला हक्क सोडला की दोघं एकाच वेळी मोकळे होतात. आणि सेवा करणाऱ्याकडेही अशी खतं असतात. मी तुझं इतकं केलं, तू माझं काय केलंस, हे एक खत. इतकं केलं म्हणजे देव माझ्याकडे पाहील, हे दुसरं. पुण्य साठवण्यासाठी केलेली सेवा वाईट नाही, भुकेल्याचं पोट त्यानंही भरतं. पण ती करणारा तसाच बांधलेला राहतो.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा हे सगळं वाचून माझ्या जमेला होतं. पहाटे तीनला चादर बदलताना त्यातलं काही आठवत नसे. कळवळा येतो असंही नाही. कमरेत कळ येते, झोप येते, कधी राग येतो. आई काही बोलायच्या नाहीत, फक्त माझं मनगट धरून ठेवायच्या. करुणा ही मनात दाटून येणारी भावना असावी लागते, हा समज त्या महिन्यांत माझ्यापुरता गळून पडला. हात काम करतात, मन मागून येतं, आणि कधी येतही नाही. तरी चादर कोरडी होते.

त्या दिवसांत फाट्याजवळच्या रुग्णालयात जाणं-येणं झालं. मावळातल्या आतल्या खेड्यांतून, पवन मावळातून आणलेले रुग्ण, आणि बाहेर बाकांवर, पायऱ्यांवर त्यांची माणसं. रुग्णाला खाट मिळते, सोबत आलेल्याला नाही. गाडगेबाबांना हे फार लवकर दिसलं होतं. देव धर्मशाळेत शोधणारा हा माणूस पंढरपूरला जाऊन देवळात जात नसे, हातातल्या खराट्यानं वाट झाडत असे. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभी केली, कारण वारीला येऊनही ज्यांना कुणी ओसरी देत नव्हतं ते कुठे निजणार? ती त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या हवाली केली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर बाबा गेले, बाबासाहेबांनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. त्यांच्या मुक्तीची चर्चा कुणी केल्याचं मला आठवत नाही. दादरला जागा मिळेल का, एवढंच लोक विचारतात.

आणि तरी या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती जिजाई. तुकोबांची दुसरी बायको, पुण्याच्या गुळवे सावकारांची लेक. खतं बुडाली ती तिच्याही संसारातली होती. त्याबद्दल तिला कुणी विचारलं का, कथा सांगत नाही. कीर्तनांतून तिला कजाग म्हणून रंगवतात आणि लोक हसतात. मला हसू येत नाही. घरात दाणा नाही, पोरं भुकेली, नवरा डोंगरावर, आणि ही बाई मिळेल त्या पिठाची भाकरी थापून, ती फडक्यात बांधून, रोज भंडाऱ्याची चढण चढते. नवरा जेवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. विठोबावर तिचा राग आहे, त्या काळ्यानंच माझ्या घराचं वाटोळं केलं असं ती तोंडावर म्हणते. तिला मोक्ष नको आहे, सत्संग नको आहे, तिला घरी परतलेला नवरा हवा आहे.

भंडाऱ्याच्या वाटेवर एक गोष्ट सांगतात. चढताना जिजाईच्या पायात काटा मोडला, पाऊल टेकवेना. तेव्हा विठ्ठल आला आणि त्यानं तिचा पाय हातात घेऊन काटा काढला. वर चिंतनात बसलेल्या तुकोबांकडे जाता जाता देव वाटेत थांबला तो तिच्यापाशी, जी त्याला शिव्या घालत होती. ही गोष्ट ज्या कुणी पहिल्यांदा सांगितली त्याला, किंवा बहुधा तिला, मोक्ष म्हणजे काय ते पुरतं कळलेलं होतं असं मला वाटतं. तिथे देव सेवा करणारीची सेवा करतो. तिची श्रद्धा तपासत नाही, तिच्या तोंडची भाषा सुधारत नाही, तिला वरचं ज्ञान देत नाही. तिच्या पायात जे रुतलं आहे तेवढं काढतो, आणि भाकरी पुढे जाते.

आमच्या गल्लीत आता एक रीत पडली आहे. कुणाच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं की फळं घेऊन भेटायला जाणं कमी झालं आहे. त्याऐवजी आम्ही त्या घरातल्या, रात्र-रात्र जागणाऱ्या बाईला विचारतो, आज तू झोप, मी बसू का. पहिल्यांदा सगळ्याच नको म्हणतात. दुसऱ्यांदा विचारावं लागतं.